साष्टीतील ताडीची दुकाने

इंग्लंडात नॉटिंगहॅम शहरी एका जुन्या गुत्त्याच्या भिंतीवर ११८९ हा सन रंगविलेला आहे. त्यास कागदी पुरावा नाही; तरी तो कौतुकाने दाखविला जातो. आमच्या उपनगरांत असे दाखविण्याजोगे एकही घर नाही. म्हणून येथे कोणी पीत नव्हते असे मात्र कोणी समजू नये!

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही गावे साष्टी बेटावरची. येथला गुत्ता म्हणजे एखादा मांडव आणि चार मडकी. माडाची ती माडी, ताडाची ती ताडी. झाडावर चढणारा बहुधा भंडारी. पोय छेदून तिच्या तोंडाशी तो मडके बांधी. पहाटे उतरविलेला ताजा रस गोड, तीच नीरा. ऊन चढले की तो आंबू लागे आणि सायंकाळी अंगात भिने. जो माल दोन दिवस टिकत नाही त्याला तळघर कशाला आणि दगडी वाडा तरी कशाला? जुन्या इमारती न आढळण्याचे कारण आम्हांस येथेच दिसते.

इमारत नसली तरी सरकारी दप्तर मोठे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याखाली छेदावयाच्या झाडामागे कर घेतला जाई. परड्यातला माड स्वतःचा, पण त्याचा रस काढावयाचा तर परवाना सरकारचा! पिणाऱ्याच्या पैशावर तिजोरी भरते, हे लोकांना उमगले, तेव्हा दारूबंदी हा राजकीय प्रश्न झाला. १९०८ साली पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निरोधन झाले, त्याला टिळकांचा पाठिंबा होता. पुढे खेर मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहर व उपनगरांत दारूबंदी आणली. मंत्रिमंडळ त्याच वर्षी गेले. कायमचा कायदा झाला तो १९४९ मध्ये.

भट्टीची दारू बंद व्हावी, याविषयी आमचे दुमत नाही. परंतु भंडाऱ्याचा पिढीजात धंदा त्याच तडाख्यात सापडला, हे आम्हांस न्याय्य वाटत नाही. त्याला उरली नीरा. मडक्यास आतून चुना फासला की रस आंबत नाही. कालचा गुन्हेगार आणि आजचा ग्रामोद्योगी यांत अंतर राहिले ते एवढ्या चुन्याचे. उपनगरी स्थानकांवर नीरेची केंद्रे निघाली, आणि खाड्यांच्या काठी हातभट्ट्याही.

साठ सालानंतर बंदी सैल होत गेली. कायदा मात्र उठला नाही. पिणाऱ्याने परवाना बाळगावा ही अट राहिली. ‘परमिट रूम’ हे पाटीवरचे नाव त्या अटीतूनच आले.