मर्फी, जिमी
मर्फी, जिमी : (१८९४–१५ सप्टेंबर १९२४). अमेरिकेतील लाकडी धावमार्गांच्या काळातील अग्रगण्य मोटार-शर्यतपटू. जन्म सॅन फ्रान्सिस्को येथे. बालपणीच पोरका झालेला मर्फी शर्यतीच्या क्षेत्रात आला तो सहयंत्रज्ञ म्हणून. चालकाशेजारी बसून हातपंपाने इंधनाचा दाब राखणे, तेलाच्या दाबमापकावर नजर ठेवणे आणि मागून येणाऱ्या मोटारींची खबर देणे ही सहयंत्रज्ञाची कामे असत. एडी ओडॉनेल व टॉमी मिल्टन या चालकांसमवेत ती करतानाच त्याला यंत्राची नेमकी जाण आली आणि पुढील यशाचा खरा पाया तोच होय.

त्या काळच्या लाकडी धावमार्गांना ‘बोर्ड ट्रॅक’ म्हणत; त्यांची कल्पना सायकलशर्यतींच्या लाकडी मैदानांवरून घेतलेली होती. सु. दोन इंच जाड व चार इंच रुंद पट्ट्या कडेवर उभ्या करून शेजारी शेजारी ठोकीत आणि वळणे बाहेरच्या अंगाला इतकी उंच ठेवीत, की वेग फारसा कमी न करता वळता येई. मात्र ऊनपावसाने लाकूड थोड्याच वर्षांत कुजे, आणि उखडलेल्या ढलप्या मागच्या चालकांच्या तोंडावर येत. बेव्हर्ली हिल्सच्या अशाच मार्गावर फेब्रुवारी १९२० मध्ये मर्फीने पहिला मोठा विजय मिळविला. त्याच मार्गावर नोव्हेंबरमध्ये झालेल्या अपघातात ओडॉनेल व दुसरा चालक गॅस्टन शेव्हरोले यांचा अंत झाला.

जुलै १९२१ मध्ये ल मां येथील फ्रेंच ग्रांप्री शर्यतीत, सरावातील अपघाताने दुखावलेल्या बरगड्या बांधून, उखडलेल्या दगडांच्या माऱ्यातून त्याने ड्यूसेनबर्ग मोटार विजयी केली. चारही चाकांना द्रवदाबाचे ब्रेक असणे, हे या मोटारीचे मोठे बळ होते. अमेरिकन चालकाने अमेरिकन मोटारीतून ग्रांप्री जिंकण्याचा योग त्यानंतर थेट १९६७ मध्ये, डॅन गर्नीमुळे आला.

पुढे तीच ड्यूसेनबर्ग मोटार विकत घेऊन मर्फीने तीत मोटार-रचनाकार हॅरी मिलरचे एंजिन बसविले आणि १९२२ ची इंडियानापोलिस ५०० मैलांची शर्यत ताशी सरासरी ९४·४८ मैल वेगाने जिंकली. प्रारंभरांगेत पहिले स्थान मिळवून ही शर्यत जिंकणारा तो पहिला चालक. त्या वर्षीचे राष्ट्रीय अजिंक्यपदही त्याचेच. १९२४ मध्ये गुणांत आघाडीवर असताना सिरॅक्यूज येथील मातीच्या मार्गावर त्याची मोटार आतल्या बाजूच्या लाकडी कठड्यावर आदळली व तो मृत्यू पावला. अजिंक्यपद त्याला मरणोत्तर मिळाले. पुढच्या चाकांना गती देणारी मोटार मिलरने त्याच्यासाठी बांधावयास घेतली होती. या रचनेची मोटार १९२५ मध्ये इंडियानापोलिसला दुसरी आली.