हँडल गेले, बॅटरी आली

मे महिन्यातली सकाळ. बोरगाव मेघे हे वर्धा शहराला लागूनच असलेले गाव; सावंगी, पिंपरी, सिंदी ही त्याची 'मेघे' भावंडेही शहराच्या कडेनेच वसलेली. आमच्या समोरच राहणाऱ्या गुरुजींची मोटार त्या दिवशी काही केल्या सुरू होईना. किल्ली फिरवली की नुसता 'टक्' असा आवाज. एका ट्रकवाल्याने आपणहून वायरी काढल्या आणि आम्हीही उत्साहाने बॉनेट उघडून उभे राहिलो. तेवढ्यात पलीकडून एस.टी.तले निवृत्त मेकॅनिक ओरडत आले, "थांबा जी भाऊ! तुमच्या ट्रकात चोवीस व्होल्ट अन् गुरुजींच्या गाडीत बारा. जाळता का गाडी?"

आम्ही विज्ञान शिकवणारे, आणि हा प्रश्न आमच्या मनात आलाच नव्हता. त्या ओशाळलेपणातूनच हा लेख लिहावासा वाटला.

शिसे-आम्ल बॅटरीचा जन्म मोटारीच्या आधीचा. १८५९ साली फ्रान्समध्ये गॅस्टन प्लान्टे यांनी शिशाचे दोन पत्रे एकमेकांना चिकटणार नाहीत अशा बेताने गुंडाळले आणि सौम्य गंधकाम्लात बुडवले. गंमत अशी, की तेव्हा ही बॅटरी भारित करायला व्यवहारात उपयोगी पडेल असा डायनॅमोच नव्हता. प्लान्टे यांना ती दुसऱ्या रासायनिक घटांवर भारित करावी लागे. १८८१ साली कामील फॉर यांनी पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप दिला, आणि बॅटरीत पुष्कळ अधिक वीज साठू लागली. आजही मूळ योजना तीच आहे. एका घटाचा दाब सुमारे २ व्होल्ट. सहा घट एकापुढे एक जोडले की १२.

पण सुरुवातीच्या पेट्रोल मोटारींना सुरू होण्यासाठी बॅटरी लागत नसे, मनगट लागे. पुढे लोखंडी हँडल घालून इंजिन फिरवायचे. ठिणगी अवेळी पडली तर हँडल उलट फिरून हात मोडे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी यावर उपाय काढला. ते आधी दुकानांतील रोकड नोंदवणाऱ्या यंत्रांवर काम करत असत. गल्ल्याचा खण उघडायला विजेची मोटर क्षणभरच लागते, तेव्हा लहान मोटरवर क्षणभर तिच्या कुवतीबाहेरचा भार टाकला तरी ती तापून जळत नाही, हे त्यांनी तिथे हेरले होते. तीच युक्ती इंजिनाला लावली. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्या विजेच्या स्टार्टरसह बाजारात आल्या.

इथे वर्गात विचारण्याजोगा एक प्रश्न आहे. टॉर्चचे आठ घट एकापुढे एक जोडले तर १२ व्होल्ट मिळतात. मग त्यावर मोटार का सुरू होत नाही? उत्तर अंतर्गत रोधात आहे. स्टार्टरला काही क्षण शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह लागतो. टॉर्चच्या घटांतून तो निघत नाही. शिसे-आम्ल बॅटरीतून निघतो. म्हणूनच तिच्या दोन अग्रांवर चुकून पाना आडवा पडला तर तो लालभडक होतो. हातात अंगठी किंवा धातूची बांगडी घालून बॅटरीला हात लावू नये, तो याचसाठी.

आपल्याकडे हँडल बरेच टिकले. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे गाड्या निघू लागल्या तरी जीप आणि अॅम्बॅसेडरसोबत हँडल कित्येक वर्षे मिळत असे. तेही नसेल तर चार माणसांचा धक्का. (वर्ध्याला तर याहून जुना उपाय ठाऊक होता. जमनालाल बजाज यांच्या जुन्या फोर्डला बैल जुंपत आणि गांधीजी तिला 'ऑक्स-फोर्ड' म्हणत, अशी आठवण सांगतात.) आता हँडलला जागाच उरलेली नाही, आणि ऑटोमॅटिक गिअरची गाडी धक्क्याने सुरू होत नाही. म्हणून उरली दुसऱ्याची बॅटरी.

त्या दिवशी एका शेजाऱ्याची बारा व्होल्टची गाडी आणली गेली. दोन्ही गाड्या एकमेकींना न टेकवता उभ्या केल्या, इंजिने आणि दिवे बंद केले. मेकॅनिककाकांनी आधी बॅटरी तडकलेली नाही ना, हे पाहिले. तडा असता तर त्यांनी वायर लावलीच नसती. मग लाल वायर मेलेल्या बॅटरीच्या धनाग्राला, तिचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या धनाग्राला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या ऋणाग्राला. तिचे शेवटचे टोक मात्र मेलेल्या बॅटरीला नाही, तर गुरुजींच्या गाडीच्या इंजिनावरील उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर.

का? शेवटच्या जोडणीच्या वेळी ठिणगी पडते. भारित होताना बॅटरीतल्या पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन निघतात. परीक्षानळीच्या तोंडाशी जळती काडी नेऊन आपण मुलांना 'फट्' आवाज ऐकवतो, तोच हा हायड्रोजन. हवेत तो ४ टक्के झाला तरी पेटू शकतो. बॅटरीच्या डोक्यावर ठिणगी पडली तर परीक्षानळीऐवजी आम्लाने भरलेली पेटी फुटते, आणि वाकून पाहणाऱ्याचे डोळे समोरच असतात. डोळ्यांना चष्मा हवाच. आम्ल उडाले तर भरपूर पाण्याने धूत राहावे आणि डॉक्टरांकडे जावे.

काळी वायर गाडीच्या अंगाला, हा नियमही काही निसर्गाने घालून दिलेला नाही. १९५० च्या दशकातल्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांत धनाग्रच अंगाला जोडलेले असे. कुणाकडे तशी जुनी गाडी असेल तर रंगावर न जाता अग्रांवरच्या खुणा पाहाव्यात. नव्या गाड्यांत बॅटरी कधी डिकीत असते. तिथे गाडीची पुस्तिका सांगेल तेच करावे.

गाडी सुरू झाली. वायरी उलट क्रमाने निघाल्या. मग काकांनी बुचे उघडली. पत्रे कोरडे! विदर्भाच्या उन्हाने पाणी उडाले होते. थंड देशांत बॅटरी हिवाळ्यात दगा देते. आपल्याकडे तिला उन्हाळा खातो. तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते, असा ढोबळ हिशेब आहे. उघड्या पडलेल्या पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि तेवढा भाग निकामी होतो. पाणी घालायचे ते डिस्टिल्ड. विहिरीचे नको, त्यातले क्षार आत साठत जातात. घरातल्या फिल्टरचे पाणीही त्याला पर्याय नाही.

पूर्वी गॅरेजात हायड्रोमीटर असे. आम्लाची घनता १.२६ ते १.२८ म्हणजे बॅटरी भरलेली, १.१२ च्या आसपास म्हणजे रिकामी. १९७० च्या दशकापासून शिसे-कॅल्शियम मिश्रधातूच्या, पाणी न मागणाऱ्या बॅटऱ्या आल्या आणि बुचांबरोबर ही सवयही गेली. सोय झाली खरी. पण आत काय चालले आहे ते पाहायची खिडकी बंद झाली असे आम्हांला वाटते. आता व्होल्टमीटर लावावा: गाडी काही तास उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट असेल तर ठीक, १२ च्या खाली गेली तर बॅटरी जवळपास रिकामी.

गुरुजी म्हणाले, "चला, सुरू झाली, बाजारात एक चक्कर मारतो, भरून जाईल." काकांनी मान हलवली. दहा मिनिटांच्या चकरेत ती भरत नाही, तिला तास लागतात. बॅटरी काढून चार्जिंगला नेली. दुसऱ्या दिवशी काकांनी आपला जुना हायड्रोमीटर आम्हांला दाखवायला आणला. काचेच्या नळीतला तरंगता काटा १.१८ वर अडकलेला होता. एक घट गेला होता.