छोट्या स्पीकरमधून तंबोऱ्याचा खर्ज कसा ऐकू येतो?

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाताना चितेगाव लागते. व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे हे गाव टीव्हीसाठी ओळखले गेले. जुन्या टीव्हीचा स्पीकर बहुधा तळहाताएवढाच असे. तरीही त्यावर शास्त्रीय गायन लागले की मागचा तंबोरा भरदार ऐकू यायचा.

खरे तर तो खर्ज त्या स्पीकरमधून जवळजवळ बाहेरच पडत नव्हता. गायकाचा षड्ज काळी एक असेल, तर तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर लागते. इतका खालचा स्वर काढायला हवा बरीच ढकलावी लागते आणि छोट्या पडद्याला ते जमत नाही. पण तारेतून मूळ स्वराबरोबर १३८, २०७, २७६ हर्ट्झचे उपस्वरही निघतात. स्पीकर वरचे उपस्वर देतो. त्यांच्यातले सारखे अंतर हेरून मेंदू गाळलेला मूळ स्वर आपणच भरून काढतो. साध्या टेलिफोनवर ३०० हर्ट्झच्या खालचे फारसे काही जात नसे, तरी वडिलांचा जाड आवाज ओळखू यायचा, तोही यामुळेच.

मात्र सगळेच कानावर सोडता येत नाही, सवयीचाही वाटा मोठा आहे. १९१५ पासून एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत जाहीर प्रयोग केले. गायिका आणि तिची ध्वनिमुद्रिका आलटून पालटून ऐकवत, आणि फरक कळला नाही असे अनेक श्रोते सांगत. त्या मुद्रिका कर्ण्यातून, मायक्रोफोनशिवाय केलेल्या. आज त्या खरखरीत आणि दूरच्या वाटतात. (अ‍ॅना केस या गायिकेने पुढे सांगितले की, आपण आवाज यंत्राइतकाच ठेवत होतो. म्हणजे नक्कल यंत्राने नव्हे, माणसाने केली!)

आपल्याकडेही तेच. अब्दुल करीम खाँ यांच्या ७८च्या तबकड्यांत राग जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचा असे. मैफलीत तो तासभरही चाले. पण ज्यांनी फक्त तबकडीच ऐकली, त्यांच्यासाठी तेच गाणे खरे होते.

आता उलट अडचण दिसते. मायक्रोफोन तारेजवळ ठेवून मुद्रित केलेला, वर खर्ज वाढवलेला तंबोरा हेडफोनवर ऐकणाऱ्याला समोरचा लाकडी तंबोरा फिका वाटतो. स्पीकर घेताना म्हणून दुकानदाराचे धडधडणारे गाणे बाजूला ठेवावे आणि ओळखीच्या माणसाचे साधे बोलणे लावून पाहावे. तो माणूस प्रत्यक्षापेक्षा जाड आवाजात बोलू लागला, तर खर्ज मुद्दाम फुगवलेला आहे.