कॅन्सरची वेदना आणि ती शिकवण्याच्या पद्धती

कॅन्सरच्या दुखण्यावर मॉर्फिन तोंडाने आणि ठरल्या वेळी द्यावे, हे समजावून सांगायला एक तास पुरतो. तरीही वैद्यकीय आणि नर्सिंग महाविद्यालयांत ते रुजायला विसाव्या शतकाचा जवळपास सगळा उत्तरार्ध गेला. माहिती कमी पडत होती, पण त्याहून जास्त धास्ती आड येत होती. मॉर्फिनने व्यसन लागते, श्वास मंदावतो, ते अगदी शेवटच्या दिवसांसाठी राखून ठेवायचे असते, हे विद्यार्थी पुस्तकात वाचत नव्हते. वॉर्डात वरिष्ठांचे पाहून ते उचलत होते, आणि असे उचललेले शिक्षण व्याख्यानाने पुसले जात नाही.

या शिक्षणाची सुरुवात सिसिली सॉन्डर्स यांच्यापासून धरतात. त्या मूळच्या परिचारिका. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटले, तेव्हा त्या रुग्णालयातील समाजसेविका झाल्या. 1948 पासून लंडनच्या सेंट ल्यूक्स या मरणासन्न रुग्णांच्या संस्थेत त्या स्वयंसेविका म्हणून जात. तिथे दुखणे उसळण्याची वाट न पाहता ठराविक तासांनी मॉर्फिन दिले जाई. म्हणजे जी पद्धत पुढे त्यांच्या नावाशी जोडली गेली, ती त्यांनी एका वॉर्डातल्या नेहमीच्या शिरस्त्यातून घेतली होती. 1957 मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्या वर्षापासून हॅकनीच्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये त्यांनी रुग्णागणिक नोंदी ठेवायला सुरुवात केली. रुग्णांचे बोलणे त्या टेपवर ध्वनिमुद्रित करत आणि व्याख्यानांत त्याचा आधार घेत. कुठे दुखते असे एका बाईंना विचारले, तेव्हा पाठीपासून सुरू झालेले उत्तर आता सगळेच बिघडले आहे इथवर गेले. नवरा आणि मुलगा जवळ बसले तर त्यांचा पगार बुडतो, ही काळजीही त्यातच होती. शरीर, मन, घर आणि श्रद्धा या चारी अंगांनी दुखणे विचारायचे, ही ‘समग्र वेदने’ची कल्पना अशा नोंदींतून तयार झाली. 1963 मध्ये सॉन्डर्स अमेरिकेत येल विद्यापीठात बोलल्या. तिथल्या नर्सिंग विद्याशाखेच्या प्रमुख फ्लॉरेन्स वॉल्ड यांच्यावर त्याचा इतका परिणाम झाला की पुढे पद सोडून त्यांनी हॉस्पिसचेच काम हाती घेतले. 1967 मध्ये सॉन्डर्स यांनी लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हे हॉस्पिस उघडले, ते रुग्णसेवा, संशोधन आणि अध्यापन एकाच छताखाली ठेवूनच.

औषध सोपे झाल्याशिवाय शिकवणे सोपे होणार नव्हते. ब्रिटनमध्ये त्या काळी ‘ब्रॉम्प्टन मिश्रण’ चाले: मॉर्फिन किंवा हेरॉइन, कोकेन, मद्य आणि सरबत. प्रत्येक रुग्णालयाची कृती वेगळी. सत्तरच्या दशकात सेंट क्रिस्टोफर्समध्ये रॉबर्ट ट्वायक्रॉस यांनी तुलना करून दाखवले की हेरॉइनऐवजी साधे मॉर्फिन दिले तरी तोंडाने तितकाच गुण येतो. मग उरला तो हिशेब, आणि तो फळ्यावर मांडता येतो. दर चार तासांनी 10 मिलिग्रॅम म्हणजे दिवसाचे 60. मधेच कळ उठली तर दिवसाच्या मात्रेचा सहावा भाग, म्हणजे आणखी 10. दिवसात अशा तीन जादा मात्रा लागल्या तर बेरीज 90, म्हणून दुसऱ्या दिवसापासून दर वेळी 15. सोबत पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून; हे विसरणारा विद्यार्थी इथे नापास समजावा.

हिशेब कळूनही हात आखडतो, हे 1973 मध्ये अमेरिकेतल्या मार्क्स आणि सॅचर या मानसोपचारतज्ज्ञांनी दाखवले. त्यांनी 37 रुग्ण तपासले. डॉक्टर हवे त्यापेक्षा कमी औषध लिहीत होते आणि लिहिलेल्यापेक्षाही कमी प्रत्यक्षात दिले जात होते. केसपेपरवरचा ‘एसओएस’, म्हणजे गरज पडली तरच द्या, हा शेरा यातला मोठा गुन्हेगार. रुग्णाने कण्हायचे, सिस्टरला बोलावायचे, तिने कुलूपबंद कपाट उघडून रजिस्टर भरायचे, तोवर दुखणे पुन्हा कळसाला. म्हणूनच नर्सिंगच्या शिक्षणात मोजमापाला महत्त्व आले. दुखण्याचे प्रमाण रुग्णानेच सांगायचे आणि ते खरे मानायचे, हा आग्रह मार्गो मॅक्‌कॅफरी यांनी 1968 पासून धरला. शून्य ते दहा आकडा आणि शरीराच्या चित्रावर दुखरी जागा रंगवणे, या गोष्टी तपमानाच्या तक्त्याशेजारी आल्या.

1986 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पुस्तिका आली आणि तीन पायऱ्यांची शिडी जगभर शिकवली जाऊ लागली: आधी पॅरासिटामॉलसारखी औषधे, मग कोडीन, मग मॉर्फिन. परीक्षेत लिहायला इतके सोयीचे उत्तर क्वचितच मिळते, आणि तीच तिची उणीव ठरली. शिडी पाठ असलेला विद्यार्थीही रुग्णाला काही न विचारता पुढे जाऊ शके. 2018 च्या मार्गदर्शनात संघटनेनेच शिडीला शिकवण्याच्या साधनापुरते स्थान दिले.

ही उणीव भरायला वेगळ्या पद्धती लागल्या. लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड बॅरोज यांनी 1963 मध्ये रुग्णाची भूमिका करणारी माणसे शिकवण्यासाठी आणली होती. डंडीत रोनाल्ड हार्डन यांनी 1975 मध्ये टेबलाटेबलावर फिरत देण्याची प्रात्यक्षिक परीक्षा मांडली. नव्वदच्या दशकात केंटकी विद्यापीठात पॉल स्लोन आणि सहकाऱ्यांनी हा साचा कॅन्सरच्या वेदनेला लावला. एका टेबलावर दुखण्याची चौकशी, दुसऱ्यावर मात्रेचा हिशेब, आणि समोर कॅन्सर भोगलेली खरी माणसेही. चूक तिथल्या तिथे दाखवली जाई.

भारतातली अडचण अधिक मुळाशी होती: शिकवायचे ते औषधच मिळत नव्हते. मुंबईत वांद्र्याला 1986 मध्ये डॉ. लुईस डिसोझा यांनी शांती अवेदना सदन हे देशातले पहिले हॉस्पिस उघडले, पण आदल्याच वर्षी अमली पदार्थांचा कायदा आला होता. शिक्षेच्या भीतीने दुकाने आणि रुग्णालये मॉर्फिन ठेवीनाशी झाली. 1997 मध्ये देशभराचा खप 18 किलोंच्या आसपास उतरला. ज्याने निवासी डॉक्टर असताना मॉर्फिनची बाटली पाहिली नाही, तो विद्यार्थ्यांना काय दाखवणार? कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी 1993 मध्ये सुरू केलेल्या संस्थेने वाट काढली. डॉक्टर आणि परिचारिकांसाठी सहा आठवड्यांचे वर्ग आणि त्यातच घरोघरच्या भेटी. खाटेशेजारच्या डब्यात किती गोळ्या उरल्या, यावरून रुग्ण काय घेतो ते कळते. हे वर्गात बसून समजत नाही.

टाटा मेमोरियलमध्ये 2012 पासून पॅलिएटिव्ह मेडिसिन या विषयात एमडी सुरू झाली. 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिन ठेवणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षित डॉक्टर असण्याची अट आली, म्हणजे प्रशिक्षण हाच परवान्याचा भाग झाला. 2019 च्या एमबीबीएस अभ्यासक्रमात मरणासन्न रुग्णाची वेदना भूलशास्त्राच्या खात्यात घातली गेली. ते खाते शस्त्रक्रियागृहात गुंतलेले असते, त्यामुळे हा विषय किती शिकवला जातो हे बहुधा त्या महाविद्यालयात वेदनेची ओपीडी आणि मॉर्फिनचा साठा आहे की नाही यावर ठरते.