धाराशिवची माती आणि खो-खो
खेळ जागा पाहून रुजतो. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या दुष्काळाने रिकामे पडलेले पोहण्याचे तलाव स्केटबोर्डवाल्या पोरांनी ताब्यात घेतले. पुढे स्केटपार्कांतले खोलगट उतार त्याच घाटाचे झाले. दुष्काळ धाराशिवलाही नवा नाही, पण इथे मोकळी होती ती माती. दोन खांब रोवले की खो-खोचं मैदान तयार. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने नियमांत बांधलेला हा खेळ इथल्या मुलींनी आपलासा केला. कुणी म्हणेल, गरिबीने दुसरा पर्यायच ठेवला नव्हता. पण गरिबी फार तर खेळ ठरवते. चपळाई, अचूक सूर आणि खो देण्याची नेमकी वेळ वर्षानुवर्षांच्या सरावानेच अंगी येते. इथल्याच सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारताने २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.