माल दाखविण्याची घाई

पुण्याहून मुंबईकडे जाणारा रस्ता दापोडी, फुगेवाडी मागे टाकून जेथे नाशिकच्या वाटेला फाटा देतो, त्या फाट्याच्या अंगाला, लोहमार्गाच्या आणि महामार्गाच्या सान्निध्यात कासारवाडी वसलेली आहे. १८५८ मध्ये खंडाळ्याहून पुण्यापर्यंत आगगाडी आली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी-भोसरीच्या माळरानावर कारखान्यांची आखणी होऊ लागली. खुद्द कासारवाडीत रस्त्यालगत फोर्ब्स मार्शलचा बाष्पयंत्रांच्या सामग्रीचा कारखाना उभा आहे. या पट्ट्यात वाढलेल्या माणसाच्या मनावर एक संस्कार नकळत होतो, तो असा की, शिफ्टच्या आरंभी यंत्रावरून उतरलेला पहिला नग गेजला लावून पास करून घेतल्याखेरीज पुढचे काम चालू करावयाचे नाही, आणि क्यूसीचा शिक्का पडल्यावाचून डिस्पॅचची गाडी फाटकाबाहेर सोडावयाची नाही. हा नियम पाळला जातोच असे नाही. महिनाअखेरीस तो कसा वाकविला जातो हेही येथील प्रत्येक सुपरवायझरला ठाऊक असते. परंतु नियम मोडला तर तो मोडला हे सर्वांना कळते, एवढी त्याची प्रतिष्ठा अजून शाबूत आहे.

याच पट्ट्यातील मुले ज्या व्हिडिओ गेमवर वाढली, त्या धंद्याचा गेल्या चाळीस-पन्नास वर्षांचा इतिहास पाहू गेल्यास ही प्रतिष्ठा तेथे पायरीपायरीने कशी उतरत गेली हे दिसते. आणि या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण पुण्यातच घडले असल्यामुळे त्याची नोंद मराठीत होणे अगत्याचे वाटते.

आरंभी खेळ घरी नव्हता, पार्लरमध्ये होता. १९९० नंतरच्या दशकात गिरणीशेजारच्या नाहीतर सायकल दुकानामागच्या एखाद्या अंधाऱ्या गाळ्यात लाकडी पेट्यांतली ती यंत्रे मांडलेली असत, आणि टोकन टाकून उभ्याउभ्याच खेळावयाचे असे. कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९३ मध्ये काढलेल्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ या खेळाचे मूळ नाव उच्चारण्याचे कष्ट येथे कोणी घेतले नाहीत. त्यातील एका पात्रावरून तो सर्वत्र ‘मुस्तफा’ याच नावाने ओळखला गेला. या यंत्रांवर सरकारची नजर होतीच. १९२३ चा करमणूक शुल्काचा कायदा, जो झाला तेव्हा व्हिडिओ गेमची कल्पनाही कोणाच्या डोक्यात आली नव्हती, तो पुढे दुरुस्त्या होऊन या पेट्यांनाही लागू झाला आणि पार्लरवाल्याचा परवाना महसुली दप्तरात दाखल झाला. मात्र खेळाच्या गुणदोषांचा निवाडा ना कायदा करी ना मालक. तो पोरेच करीत, आणि तो तत्काळ अंमलात येई. कारण ज्या यंत्रात टोकन पडेनासे होई, त्याची जागा पुढच्या महिन्यात दुसरे यंत्र घेई. मतप्रदर्शनाची इतकी स्वच्छ पद्धत पुढे या धंद्यात कधीच राहिली नाही.

घरात खेळ आला तो ‘समुराई’, ‘मीडिया’ अशा नावांच्या, निंटेन्डोच्या बरहुकूम घडविलेल्या यंत्रांबरोबर, आणि त्यांच्या कॅसेटींबरोबर. कॅसेट लागली नाही की ती काढून तिच्यात फुंकर मारावयाची, हा विधी त्या पिढीतील प्रत्येकाला मुखोद्गत आहे. ‘९९९९ इन १’ असे छातीठोकपणे छापलेल्या कॅसेटीत प्रत्यक्षात मोजके खेळच नावे आणि टप्पे बदलून पुनःपुन्हा भरलेले असत. ही फसवणूक मुलांच्या ध्यानात पहिल्याच आठवड्यात येई, परंतु तक्रार रुजू करावयाची कोठे, हा प्रश्न होता. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कॅसेट एकदा कारखान्यातून बाहेर पडली की तिच्यातील दोष दुरुस्त करण्याचा कोणताही मार्ग निर्मात्याच्या हाती उरत नसे. म्हणून शहाणा निर्माता ती बाहेर पडण्यापूर्वीच कसून तपासी, आणि जो तपासीत नसे त्याला शासन होई ते बाजाराकडून. अमेरिकेत अटारी कंपनीने स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘ई.टी.’ या चित्रपटावरील खेळ १९८२ च्या नाताळात दुकानी आणावयाचाच असा हट्ट धरला. हक्कांच्या बोलण्यांत उन्हाळा सरल्यामुळे हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या एकट्या कारागिराच्या वाट्याला जेमतेम पाच आठवडे आले. पुढे जे व्हायचे तेच झाले. न खपलेला माल १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे जमिनीत गाडण्यात आला, आणि २०१४ मध्ये तो उकरून काढला तेव्हा कॅसेटी खरोखरच हाती लागल्या.

घरोघरची यंत्रे इंटरनेटला जोडली गेली आणि हे शासन सौम्य झाले. आज माल पाठवा, दोष उद्या ‘पॅच’ पाठवून निस्तरा, ही सोय प्रथम उपकार म्हणून आली आणि पाहता पाहता वहिवाट झाली. खेळ प्रसिद्ध होण्यापूर्वीच प्री-ऑर्डरचे पैसे भरणारा ग्राहक हाच या वहिवाटीत विनावेतन तपासनीस ठरला. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ नोव्हेंबर २०१४ मध्ये बाहेर पडला, तेव्हा काही खेळाडूंना पात्रांचे चेहरेच नाहीसे झालेले आणि हवेत नुसते डोळे व दात तरंगत असलेले दिसले. कंपनीला जाहीर माफी मागावी लागली आणि पुढचा विस्तार फुकट वाटावा लागला.

याच युबिसॉफ्टने २००८ मध्ये गेमलॉफ्टचा पुण्यातील स्टुडिओ आपल्या ताब्यात घेतला होता. त्या स्टुडिओकडे येणारे काम बहुतांशी परीक्षणाचे आणि रूपांतराचे असे, म्हणजे दुसऱ्यांनी रचलेल्या खेळातील दोष हुडकावयाचे, आणि एका यंत्रावरचा खेळ दुसऱ्या यंत्रावर चालता करावयाचा. पुढे ‘जस्ट डान्स’ या मालिकेच्या निर्मितीतही पुण्याचा हात लागला, २०१८ मध्ये मुंबईतही शाखा निघाली. तथापि मोठ्या खेळाची संपूर्ण मुखत्यारी मिळण्यास बारा वर्षे जावी लागली. १० सप्टेंबर २०२० रोजी कंपनीने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ या २००३ च्या विख्यात खेळाची नवी आवृत्ती पुणे आणि मुंबई येथील स्टुडिओ घडवीत असल्याचे जाहीर केले आणि प्रकाशनाची तारीख दिली २१ जानेवारी २०२१. त्याआधी तीनच आठवडे पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा संस्थेचा ‘राजी’ हा खेळ, ज्याला २०१७ मध्ये लोकवर्गणीचा पुरेसा आधार मिळाला नव्हता, निंटेन्डोच्या स्विच यंत्रावर आला होता. त्याचा शेवट अर्धवट तुटल्यासारखा वाटतो ही कुरकुर झाली, पण चित्रसौंदर्याचे कौतुक अधिक झाले. पुण्याचे दिवस पालटले असे वाटावे, असाच तो काळ होता.

तोच राजपुत्राची चित्रफीत पाहून खेळाडूंनी कडाडून टीका केली. चेहरे मेणाचे, प्रकाश फिकट, एकूण रूप दोन पिढ्यांपूर्वीच्या यंत्राचे, असा बहुतेकांचा अभिप्राय पडला. हे रूप हेतुपुरस्सर वेगळे ठेवले आहे, हा दिग्दर्शकांचा खुलासा कोणाला पटला नाही. त्या टीकेतील बरीचशी रास्त होती. परंतु तिच्यात ‘हिंदुस्थानात स्वस्तात करून घेतले की असेच व्हायचे’ असा जो सूर मिसळला, तो मला रास्त वाटत नाही. युनिटीचे चेहरे पुण्यात हरवले नव्हते. तारीख प्रथम १८ मार्चवर गेली, फेब्रुवारी २०२१ मध्ये ती बेमुदत झाली, आणि मे २०२२ मध्ये सगळे काम मूळ खेळ जेथे जन्मला त्या माँट्रियलच्या स्टुडिओकडे वर्ग झाले.

येथे घाईचे दोन प्रकार वेगळे करून पाहिले पाहिजेत. १० डिसेंबर २०२० रोजी पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने ‘सायबरपंक २०७७’ वारंवार तारखा पुढे ढकलूनही कच्चाच बाजारात सोडला, आणि आठवडा उलटतो न उलटतो तोच सोनीने तो आपल्या दुकानातून काढून घेतला. ही माल पाठविण्याची घाई. पब्जीवर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी येताच दोनच दिवसांनी घोषित झालेला आणि २६ जानेवारीचा मुहूर्त गाठून आलेला बंगळूरचा ‘फौजी’ हाही, माझ्या मते, त्याच वर्गातला. त्याचे स्वागत जेवढ्या तारकांनी झाले, तेवढ्या तारका त्याला टिकवता आल्या नाहीत. पुण्याच्या प्रकरणात मात्र पुरेसा न शिजलेला माल कोणाच्या पदरात टाकला गेलाच नाही. तेथे घाई झाली ती माल दाखविण्याची, आणि तारीख बांधून देण्याची. पहिला नग गेजला लागण्यापूर्वीच तो चौकात मांडला गेला; तारखा ठरविणारे अधिकारी कोण आणि त्या निभावणारे कारागीर कोण, याची चौकशी न होता दोषाचा शिक्का कारागिरांच्या गावावर बसला.

पुण्यातील सुपरगेमिंग या संस्थेने पुढे आपला ‘इंडस’ हा खेळ बाळगला तो निराळ्या रीतीने: पूर्वनोंदणीचा आकडा एक कोटीच्या पलीकडे गेला तरी निवडक खेळाडूंकडून तो दीर्घकाळ तपासून घेतला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये बाहेर काढला. तरीही अपेक्षाभंगाच्या तक्रारी आल्याच. खेळाडू हा काही समाधानी प्राणी नव्हे.

राजपुत्राचे पुढे काय झाले, ते सांगून हा लेख संपवितो. माँट्रियलने ते काम जवळजवळ आरंभापासून हाती घेतले, नव्या तारखा मिळाल्या, त्याही टळल्या. २१ जानेवारी २०२६ रोजी, म्हणजे पहिल्या जाहीर तारखेला बरोबर पाच वर्षे पूर्ण होत असता, युबिसॉफ्टने आपल्या कारभाराची फेररचना करताना जे सहा खेळ रद्द केले, त्यांत हाही होता. पुण्याच्या हातून ते काम सुटून तोवर साडेतीन वर्षांहून अधिक काळ लोटला होता.