बिनठोक्याची घंटा

घंटा वाजते तेव्हा कानावर दोन गोष्टी पडतात. आधी ठोका, पाठोपाठ नाद. ठोका पापणी लवते न लवते तोच संपतो आणि नाद मागे रेंगाळत राहतो. वाजली ती घंटाच, हे कान ओळखतो ते मात्र बरंचसं त्या ठोक्यावरून. १९४८ साली पॅरिसच्या सरकारी रेडिओत काम करणाऱ्या पिएर शेफेर या अभियंत्याने हा ठोकाच काढून टाकला. ठोका पडून गेल्यावर उरलेला नाद तेवढा त्याने तबकडीवर उतरवला आणि वाजवून पाहिला. ऐकू आलं ते ओबोसारखं काहीतरी. ओबो हे आपल्या सनईसारखंच दुहेरी पत्तीचं युरोपी वाद्य. पितळी घंटा फुंकवाद्यासारखी बोलू लागली होती आणि त्यासाठी तिच्यात कसलीही भर घालावी लागली नव्हती.

पावसाचा, बाजाराचा, रेल्वेच्या डब्याचा आवाज मुद्रित करायचा, तो ताणायचा, गाळायचा आणि मूळ ओळखू येणार नाही असं संथ, पसरट ध्वनिचित्र त्यातून घडवायचं, ही कला आज लॅपटॉपवर घरबसल्या होते. तिची वंशावळ सांगताना बहुतेकदा यंत्रांची नावं सांगितली जातात: तार, तबकडी, फीत, संगणक. मला तिचं कूळ वजाबाकीत दिसतं. ज्यांनी ज्यांनी ही कला पुढे नेली, त्यांनी आवाजातून काहीतरी वजा केलं. कुणी काय वजा केलं आणि कशासाठी, यातच तिची खरी कथा आहे.

शेफेरच्या चार वर्षं आधी कैरोमध्ये हेच घडून गेलं होतं. हलीम एल-दाब हा तेव्हा विशीतला, शेतीशास्त्र शिकलेला तरुण. १९४४ साली त्याने तिथल्या रेडिओ केंद्राकडून तारेवर ध्वनिमुद्रण करणारं यंत्र मिळवलं. चुंबकीय फीत अजून सर्वत्र पोचली नव्हती. या यंत्रात पोलादाच्या बारीक तारेवर आवाज उतरायचा. ते अवजड यंत्र घेऊन तो ‘झार’ या विधीला गेला. झार हा बायकांचा, बाधा उतरवण्याचा विधी. त्यातलं गाणं आणि ढोलांचा गजर त्याने टिपला, मग रेडिओ केंद्राच्या प्रतिध्वनीच्या खोलीत तो पुन्हा पुन्हा वाजवून मुद्रित केला. तिथल्या भिंती हलवता यायच्या, म्हणजे घुमारा कमीजास्त करता यायचा. आवाजातला मूळ स्वर तो काढत गेला आणि वरचे, एकमेकांवर घासणारे उपस्वर तेवढे ठेवत गेला. शेवटी बायकांचे शब्द विरले, ढोल विरले आणि विधीचा नुसता घुमार उरला. त्याच वर्षी कैरोतल्या एका कलादालनात हे लोकांना ऐकवलं गेलं. युरोपात लिहिल्या गेलेल्या इतिहासांत ही गोष्ट कित्येक दशकं नव्हतीच, याचं मला वाईट वाटतं. एल-दाब पुढे अमेरिकेत गेला, तिथे त्याने शिकवलं, आणि २०१७ साली, नव्वदी ओलांडल्यावर वारला.

शेफेरला यातलं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्याची वाट वेगळी होती. आईवडील दोघंही संगीतातले, पण मुलगा अभियांत्रिकी शिकला आणि रेडिओत लागला. १९४८ च्या मे महिन्यात ध्वनिमुद्रणाची गाडी घेऊन तो पॅरिसच्या बातिन्योल स्थानकात गेला आणि वाफेची इंजिनं टिपून आणली. एकाने शिट्टी द्यावी, दुसऱ्याने उत्तर द्यावं, असं त्याने चालकांना सांगितलं होतं. स्टुडिओत येऊन ऐकलं, तर इंजिनं इंजिनंच राहिली होती. ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे लगेच स्टेशन उभं राहत होतं, आणि शेफेरला तर संगीत हवं होतं.

इथे तबकडीतला एक दोष कामी आला. मुद्रण करताना तबकडीवर सुईने कोरली जाणारी खाच चक्राकार आत आत सरकत जाते. काही कारणाने ती सरकली नाही, तर स्वतःलाच येऊन मिळते आणि वाजवताना तोच फेरा अखंड वाजत राहतो. ग्रामोफोनची पिन अडकते तसंच. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीवर असा एक फेरा पाऊण सेकंदाहून किंचित मोठा असतो. शेफेरने हा दोष मुद्दाम घडवायला सुरुवात केली. पिस्टनचा एक सुस्कारा अशा बंद खाचेत पकडला की पहिल्या फेऱ्याला इंजिन ऐकू येतं, चौथ्या-पाचव्याला ताल, आणि आणखी काही फेऱ्यांनंतर नुसता एक पोत, ज्याला नाव नाही. घंटेत त्याने सुरुवात कापली होती. इंजिनात त्याने आधी काय झालं आणि नंतर काय होणार हे दोन्ही कापलं. जेमतेम तीन मिनिटांचा तो ‘रेल्वे-अभ्यास’ ५ ऑक्टोबर १९४८ ला ‘आवाजांची मैफल’ या कार्यक्रमात प्रसारित झाला. पुढे शेफेरने याचं शास्त्रच मांडलं: आवाज कुठून आला, कशाचा आहे, हे विसरून त्याच्या अंगभूत घडणीकडे कान लावा.

दहा वर्षांनी ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात ही वजाबाकी टोकाला गेली. वास्तुकार ल कॉर्बुझिएच्या कार्यालयात काम करणाऱ्या यानिस झेनाकिसने फिलिप्स कंपनीच्या दालनासाठी अडीच मिनिटांहून थोडी मोठी रचना केली. तिचा सगळा ऐवज एकच: जळत्या कोळशाची तडतड. फीत कापून त्याने सेकंदभराचे तुकडे केले, त्यांचा वेग बदलला आणि ते एकमेकांवर थरांनी रचले. लोक दालनात येत-जात असताना शेकडो ध्वनिक्षेपकांतून हे वाजायचं. पेटलेली शेगडी त्यात शोधूनही सापडत नाही. कानाभोवती बारीक काचेचे कण उडत राहतात. आवाज म्हणजे सूक्ष्म कणांचा समुच्चय आहे ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञ डेनिस गॅबरने चाळिशीच्या दशकात मांडली होती. आज ज्याला ‘ग्रॅन्युलर’ तंत्र म्हणतात, त्याचं मूळ तिथे आहे.

मग एकाने या वजाबाकीला नकार दिला. ल्युक फेरारी शेफेरच्याच गटातला. साठीच्या दशकाच्या अखेरीस युगोस्लाव्हियाच्या किनाऱ्यावर, कोर्चुला बेटावरच्या वेला लुका या मच्छीमारांच्या गावात तो राहिला आणि पहाटे खिडकीत मायक्रोफोन ठेवून मुद्रण करत गेला. होड्यांची इंजिनं, गाढवं, बायकांचं बोलणं, ऊन चढल्यावर किरकिरणारे सिकाडा किडे. त्यातून निवडून, हलक्या हाताने जोडून त्याने वीसेक मिनिटांची एक सकाळ उभी केली आणि तिला नाव दिलं ‘जवळजवळ काहीच नाही’. जागा ओळखू येऊ द्यायची, एवढाच हट्ट. स्टुडिओतल्या सहकाऱ्यांना हे संगीतच वाटेना. मला मात्र या कुळातली सर्वांत धीट रचना हीच वाटते, कारण तिच्यानंतर वजाबाकी ही सक्ती उरली नाही, निवड झाली.

कॅनडात, व्हँकुव्हरजवळच्या सायमन फ्रेझर विद्यापीठात, मरी शेफर (पॅरिसच्या शेफेरशी नात्यागोत्याचा संबंध नाही) आणि त्याचे सहकारी सत्तरच्या दशकात शहराचे, बंदराचे, भोंग्यांचे आवाज जतन करू लागले होते. त्यांना मूळ जागा पुसायची नव्हती, वाचवायची होती. त्याच गटातल्या बॅरी ट्रुअ‍ॅक्सने ऐंशीच्या दशकात संगणकावर आवाजाचे कण करून त्याच क्षणी ते पुन्हा जोडून दाखवले. या पद्धतीने स्वराची पट्टी न उतरवता आवाज लांबवता येतो. तबकडी किंवा फीत हळू फिरवली की आवाज जाड होतो. इथे तसं होत नाही. १९९२ मध्ये त्याने केबेकच्या बॅसिलिकेतल्या घंटा अशा ताणल्या, की त्यांच्या आत शिरून फिरल्याचा भास होतो. आज ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पॉलस्ट्रेच नावाची सोय आहे. तिच्यात देवळातल्या घंटेचा फोनवर घेतलेला एक नाद घाला आणि पन्नासपट लांबवा. ठोका इतका पसरतो की नाहीसा होतो. शेफेरला १९४८ मध्ये जे हाताने करावं लागलं, ते इथे यंत्र आपोआप करतं, आणि म्हणूनच असं केलेलं बरंचसं काम एकसारखं ऐकू येतं. काय वजा करायचं हे तिथे कुणी ठरवलेलंच नसतं.

अशा संथ, पसरट संगीताला अ‍ॅम्बियंट हे नाव रूढ केलं ते संगीतकार ब्रायन इनोने, १९७८ च्या विमानतळासाठीच्या संगीताने. पण बाहेरचे आवाज त्याच्या कामात खऱ्या अर्थाने आले ते १९८२ च्या ‘ऑन लँड’ मध्ये. कावळे, बेडूक, किडे वाद्यांच्या इतके खाली दाबलेले, की वाद्य कुठे संपतं आणि रान कुठे सुरू होतं हे सांगता येत नाही. त्यातल्या कित्येक रचनांना इंग्लंडमधल्या खऱ्या जागांची नावं आहेत.

व्हँकुव्हरच्या त्याच गटातल्या हिल्डेगार्ड वेस्टरकाम्पची १९८९ ची ‘किट्स बीच साउंडवॉक’ मी परत परत ऐकतो. त्यात ती समुद्रकाठी उभी आहे. खडकाला चिकटलेल्या बार्नेकल या कवचधारी जिवांची बारीक चुटचुट तिला टिपायची आहे आणि मागे शहराची घरघर सतत चालू आहे. ती आपल्याशी बोलत राहते. स्टुडिओत फिल्टर लावून शहर काढून टाकता येतं, ते नव्हतंच असं भासवता येतं, हे ती बोलून दाखवते आणि आपल्या कानांदेखत तसं करते. खालची घरघर विरते, ती बारीक चुटचुट मोठी होते, आणि तिथून ती आपल्याला स्वप्नांकडे घेऊन जाते. आधीच्या सगळ्यांनी वजाबाकी स्टुडिओच्या दाराआड केली होती. तिने ती ऐकणाऱ्यासमोर केली.

पुढे ती भारतात आली. दिल्लीच्या फेरीवाल्यांच्या आरोळ्या घेऊन १९९७ मध्ये तिने एक रचना केली. त्यात आरोळी जशीच्या तशीही येते आणि ताणून, विरघळवूनही येते. एक ऐकताना दुसरीची आठवण जागी राहते, आणि विकणाऱ्याचा गळा त्यातून कधीच पुरता पुसला जात नाही.